प्राचीन इजिप्तमधील दगडी प्रजननमूर्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तच्या संदर्भात ‘प्रजननमूर्ती’ म्हणजे नेमके काय?

इजिप्तच्या पुरातत्त्वात ही संज्ञा मुख्यतः लहान आकाराच्या आणि बहुधा विवस्त्र अशा स्त्रीमूर्तींसाठी वापरली जाते. चुनखडीचा दगड, माती, लाकूड, हस्तिदंत आणि फायान्स अशा निरनिराळ्या माध्यमांत या मूर्ती घडवल्या जात. फायान्स म्हणजे गारगोटीच्या भुकटीपासून बनवलेला, निळी-हिरवी झिलई चढवलेला पदार्थ. बहुतेक मूर्ती साधारण १० ते २० सेंटीमीटर उंचीच्या, म्हणजे हातात सहज मावतील अशा असतात.

‘प्रजनन’ हा शब्द येथे थोडा व्यापक अर्थाने घ्यावा लागतो. मूल राहणे, ते सुखरूप जन्माला येणे, जन्मल्यावर जगणे आणि मेलेल्या माणसाला परलोकात पुन्हा जन्म मिळणे, या सर्व गोष्टी प्राचीन इजिप्शियन लोकांच्या दृष्टीने एकाच सर्जक शक्तीवर अवलंबून होत्या. त्यामुळे एकाच प्रकारची मूर्ती घरात, देवळात आणि थडग्यात अशा तिन्ही ठिकाणी सापडते, आणि ती कोठे सापडली हे कळल्याखेरीज तिचे प्रयोजन सांगणे धाडसाचे ठरते.

या मूर्ती कोणत्या काळातील आहेत?

स्त्रीमूर्ती घडवण्याची प्रथा इजिप्तमध्ये राजसत्ता उदयाला येण्यापूर्वीपासून होती आणि ती रोमन काळापर्यंत टिकली. या पानावर प्रामुख्याने ज्या चुनखडीच्या मूर्तींविषयी लिहिले आहे, त्या मध्य राज्यकाळातील, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. २०५० ते १६५० या काळातील व त्यानंतरच्या काही पिढ्यांतील आहेत. गुडघ्यापाशी संपणारे पाय, अंगावरचे ठिपके आणि कमरेला कवड्यांचा पट्टा ही त्यांची ओळख याच काळात पक्की झाली.

अशी मूर्ती दिसायला कशी असते?

ती सडपातळ, सरळ उभी किंवा पाठीवर ठेवण्याजोगी असते. हात बाजूंना चिकटलेले असतात, कंबर बारीक आणि नितंब रुंद असतात. केसांचा टोप भरघोस असून तो बहुतेक वेळा काळ्या रंगाने रंगवलेला असतो. गळ्यात माळ, मनगटात कडी, छातीवरून तिरप्या जाणाऱ्या मण्यांच्या सरी आणि कमरेवर मेखला असे दागिने कोरून किंवा रंगवून दाखवलेले असतात. योनीचा त्रिकोण ठळक असतो. काही मूर्तींच्या कडेवर किंवा पाठीवर मूल असते. चेहऱ्यावर मात्र कारागिराने फारसे कष्ट घेतलेले नसतात. ती कोणा विशिष्ट स्त्रीची प्रतिमा नसल्यामुळे चेहरा ओळखता येण्याची गरजच नव्हती.

विवस्त्रतेचा अर्थ लावताना आपले आजचे संकेत बाजूला ठेवावे लागतात. इजिप्शियन चित्रशिल्पांत प्रतिष्ठित घरातील प्रौढ स्त्री सहसा वस्त्रात दाखवली जाते आणि मुले, नर्तकी, दासी विवस्त्र दाखवल्या जातात. परंतु या मूर्तींच्या अंगावर वस्त्र नसले तरी दागिने भरपूर आहेत, आणि ते सर्वच्या सर्व प्रजननाशी किंवा संरक्षणाशी जोडलेले आहेत. कवडीचा आकार योनीसारखा मानला जाई आणि कवड्यांची मेखला त्या भागाचे रक्षण करते असा समज होता. अशी मेखला प्रत्यक्षात वापरली जात असे याचा उत्तम पुरावा लाहून येथे सापडला. बाराव्या घराण्यातील राजकन्या सिथाथोरयुनेत हिच्या थडग्यातून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या चमूने १९१४ मध्ये सोन्याच्या कवड्यांची मेखला काढली. तिच्या पोकळ कवड्यांत धातूचे बारीक दाणे घातलेले असल्यामुळे चालताना ती किणकिणत असे. हा दागिना आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

पाय गुडघ्यापाशीच का संपतात? मूर्ती तुटलेली असते का?

नाही. पायांची टोके गुळगुळीत करून, गोलाई देऊन संपवलेली असतात, म्हणजे मूर्ती मुळातच तशी घडवलेली असते. खऱ्या अर्थाने तुटलेल्या मूर्तीही पुष्कळ सापडतात, परंतु त्यांचा भंग बहुधा कमरेपाशी किंवा मांड्यांपाशी असतो आणि त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

यावर पूर्वीपासून दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की मूर्तीने थडगे सोडून पळून जाऊ नये म्हणून तिला पाय दिले जात नसत. ही कल्पना अगदीच निराधार नाही. मध्य राज्यकाळाच्या उत्तरार्धात दफनकक्षातील लेखनात पक्ष्यांची चित्रलिपीतील चिन्हे पायांविना आणि सापांची चिन्हे शेपटी तोडून लिहिलेली आढळतात. चित्रातील प्राणी जिवंत होऊन मृताला इजा करील ही भीती त्यामागे होती. तरीही हे स्पष्टीकरण अपुरे पडते. अशाच बिनपायांच्या मूर्ती घरांच्या अवशेषांत आणि देवळांच्या आवारातही मिळाल्या आहेत, आणि तेथे मूर्ती पळून जाण्याची चिंता कोणाला असणार? त्यापेक्षा, गर्भधारणेसाठी शरीराचा जेवढा भाग आवश्यक तेवढाच घडवला, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. त्याच काळातील चपट्या फळीसारख्या लाकडी स्त्रीमूर्तींना तर पाय मुळीच नसतात. त्यांत धड, रंगवलेला योनीत्रिकोण आणि मातीच्या मण्यांच्या केसांचा घोस एवढेच असते.

अंगावरचे ठिपके म्हणजे गोंदण आहे का?

बहुतांशी होय, आणि यासाठी मूर्तींच्या बाहेरचा पुरावा उपलब्ध आहे. १८९१ मध्ये थीब्ज (आजचे लक्झॉर) या प्राचीन नगराच्या पश्चिमेकडील देर अल-बहरी येथे यूजीन ग्रेबो यांना अमुनेत नावाच्या स्त्रीची ममी मिळाली. ती अकराव्या घराण्यातील मेंतुहोतेप दुसरा या राजाच्या काळातील असून प्रेम व मातृत्वाची देवी हाथोर हिची पुजारीण होती. तिच्या पोटावर, मांड्यांवर आणि दंडांवर ठिपक्यांच्या व आडव्या रेघांच्या रांगा गोंदलेल्या होत्या. पुढे १९२३ मध्ये हर्बर्ट विनलॉक यांना त्याच परिसरात गोंदण असलेल्या आणखी दोन स्त्रियांच्या ममी सापडल्या. मूर्तींच्या मांड्यांवर चौकटीच्या आकारात मांडलेले ठिपके आणि या स्त्रियांच्या कातडीवरील ठिपके यांचे साम्य उघड आहे.

त्या काळच्या काही पुरुष अभ्यासकांनी गोंदण पाहताच या स्त्रिया नर्तकी किंवा रखेली असाव्यात असे ठरवून टाकले. अमुनेतचे धार्मिक पद तिच्या दफनातील लेखांत नोंदलेले असताना हा निष्कर्ष काढला गेला, ही गोष्ट त्या काळच्या अभ्यासकांच्या मनोवृत्तीविषयीच अधिक सांगते. जोआन फ्लेचर यांनी सुचवलेला अर्थ वेगळा आहे. पोटावरील ठिपक्यांचे जाळे गर्भ वाढत जाईल तसे ताणले जाऊन पसरते, आणि मण्यांची जाळी ममीला जशी वेढून राखते तसे हे जाळे गर्भाला राखते, असे त्या मानतात. गोंदणाचा हाथोरशी असलेला संबंध पुढेही दिसतो. २०१४ मध्ये देर अल-मदिना येथील एका स्त्रीच्या ममीवर ॲन ऑस्टिन यांना ३० हून अधिक गोंदणे आढळली. त्यांत हाथोरच्या गायी आणि रक्षक नेत्रचिन्हे होती.

मूर्तीसाठी चुनखडीच का निवडली जाई आणि ती कशी कोरत?

नाईलच्या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे आहेत, त्यामुळे हा दगड सहज मिळत असे आणि नुकताच काढलेला असताना तो मऊ असतो. तांब्याच्या छिन्नीने आणि गारेच्या पात्याने त्याला आकार देता येतो, मग वाळूने घासून गुळगुळीत करता येतो, आणि पृष्ठभाग फिकट असल्यामुळे काजळीचा काळा व गेरूचा तांबडा रंग त्यावर उठून दिसतो. फायान्सची मूर्ती भट्टीतून काढताना चकाकते आणि तो निळा रंग हाथोरशी जोडलेला असल्यामुळे तिला वेगळेच महत्त्व होते, परंतु चुनखडीसाठी भट्टीची गरज नव्हती. गावातल्या पाथरवटाला घरी बसून ते काम करता येत असे. काही चुनखडीच्या मूर्ती अत्यंत ओबडधोबड आहेत तर काहींचे काम नाजूक आहे, यावरून त्या घेणाऱ्यांची ऐपत निरनिराळी होती असे दिसते.

ही हाथोर देवीची मूर्ती आहे का?

सामान्यतः नाही. देवीची ओळख पटवणारी चिन्हे, म्हणजे गायीची शिंगे, सूर्यबिंब, गायीचे कान किंवा नावाचा लेख, या मूर्तींवर नसतात. हाथोर ही प्रेम, मातृत्व, संगीत आणि मद्य यांची देवी होती आणि या मूर्ती तिला वाहिल्या जात, म्हणून दोहोंची गल्लत होते. वाहिलेली वस्तू आणि जिला ती वाहिली ती देवता यांत भेद करणे आवश्यक आहे.

या मूर्तींना ‘मृताच्या रखेली’ का म्हटले जाई, आणि ते नाव का सोडून दिले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी उत्खननकर्त्यांचे सारे लक्ष थडग्यांवर होते. पुरुषाच्या थडग्यात विवस्त्र, दागिन्यांनी मढलेली स्त्रीमूर्ती सापडली की ती त्याच्या परलोकातील शय्यासोबतीसाठी ठेवली असावी, असा तर्क सहज केला जाई. काही मूर्तींना बाहुल्या म्हटले गेले, कारण त्या लहान मुलींच्या थडग्यांतही होत्या.

दोन्ही नावे पुराव्यापुढे टिकली नाहीत. मूर्ती पुरुषांच्या, स्त्रियांच्या आणि बालकांच्याही दफनांत सापडतात. स्त्रीच्या किंवा तान्ह्या मुलाच्या थडग्यात रखेलीचे काय काम? अनेक मूर्तींच्या अंगावर मूल आहे, आणि शय्यासुखासाठी ठेवलेल्या स्त्रीच्या कडेवर मूल दाखवण्याचे कारण सांगता येत नाही. शिवाय घरे आणि देवळे खणली जाऊ लागली तसतशा तेथेही त्याच मूर्ती मिळत गेल्या. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ क्रिस्तियान देरोश-नोब्लकूर यांनी १९५३ मध्ये या ‘रखेली’ वस्तुतः माता आहेत हे साधार मांडले. त्यानंतर जेराल्डिन पिंच यांनी हाथोरच्या देवळांतून मिळालेल्या वस्तूंचा अभ्यास करून स्त्रीमूर्तींचे सहा प्रकार ठरवले आणि त्या सर्वांचा समान धागा अपत्यप्राप्ती हाच असल्याचे दाखवले. जुने नाव काही संग्रहालयांच्या जुन्या नोंदवह्यांत आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींत अजून आढळते, आणि जाहिरातींत ते बहुधा किंमत वाढवण्यासाठी असते.

या मूर्तींवर काही लिहिलेले असते का?

अत्यंत क्वचित, परंतु जे थोडे लेख मिळाले आहेत ते या सगळ्या चर्चेतील सर्वांत मोलाचा पुरावा आहेत. बर्लिनच्या संग्रहालयातील १४५१७ क्रमांकाच्या मूर्तीत स्त्रीजवळ मूल आहे आणि तिच्यावर ‘तुझी मुलगी सेह हिला अपत्य लाभो’ अशा अर्थाचा मजकूर आहे. लूव्र संग्रहालयातील दुसऱ्या एका मूर्तीवर दफनविधीतील अर्पणाचे नेहमीचे सूत्र लिहून त्यापुढे तिता नावाच्या स्त्रीला मूल व्हावे अशी विनंती केली आहे.

या दोन वाक्यांनी संपूर्ण चित्र पालटते. ‘तुझी मुलगी’ असे संबोधन थडग्यातील मृत वडीलधाऱ्याला उद्देशून आहे. म्हणजे मूर्ती मृताच्या सुखासाठी ठेवलेली नव्हती. जिवंत लेकीची इच्छा मृताच्या कानी घालण्यासाठी ती ठेवली होती. प्राचीन इजिप्तमध्ये मृत नातलग हा घरातील कर्त्या माणसासारखाच, किंबहुना परलोकात अधिक वजन असलेला, मानला जाई. त्याला पत्रे लिहिण्याची रीत होती आणि ती पत्रे बहुधा अर्पणाच्या भांड्यांवर लिहिली जात, जेणेकरून अन्न घेताना त्याने ती वाचावीत. शिकागो येथे असलेल्या अशाच एका मातीच्या घडवंचीवर एका माणसाने आपल्या मृत वडिलांकडे निरोगी मुलगा व्हावा असे मागणे मागितले आहे. दगडी स्त्रीमूर्ती हे याच पत्रांचे मूर्त रूप मानता येईल. लिहिता न येणाऱ्या बहुसंख्य लोकांना मूर्ती ठेवण्यानेच आपले म्हणणे पोहोचवता येत असे.

अपत्यहीनतेचे खापर कधीकधी रागावलेल्या मृतांवर फोडले जाई, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याच्या रोषाने मूल होत नाही असे वाटते, त्याच्याच दाराशी जाऊन मागणे मागितले जात असे.

घरात आणि देवळात या मूर्तींचा उपयोग काय होता?

देवळातील उपयोग आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. मूल व्हावे म्हणून बोललेला नवस फेडताना देवीला लहानसा पाळणा वाहतात, त्याच जातीची ही कृती आहे. थीब्जच्या पश्चिमेस देर अल-बहरी येथे हाथोरची अनेक पूजास्थाने होती. इजिप्त एक्स्प्लोरेशन फंडतर्फे एदुआर नाव्हिल आणि एच. आर. हॉल यांनी १९०३ ते १९०७ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा केरकचऱ्याच्या ढिगाऱ्यांत नवसाच्या वस्तूंचा मोठा साठा हाती आला. त्यांत स्त्रीमूर्ती, गायीच्या मूर्ती, देवीने ऐकावे म्हणून कोरलेले कान, लाकडी लिंगे, मणी आणि चित्रे काढलेली वस्त्रे होती. देवळात जागा उरली नाही की पुजारी जुन्या वस्तू बाहेर टाकत असत. १९०६ मध्ये तेथेच गायीच्या रूपातील हाथोरची प्रसिद्ध मूर्ती तिच्या गाभाऱ्यासह सापडली, आणि ती आता कैरोत आहे. हाथोरला वाहिलेल्या अशा वस्तू सिनाईमधील सराबीत अल-खादिमपासून नूबियातील फरसपर्यंत मिळाल्या आहेत.

घरातील उपयोगाबद्दल पुरावा विखुरलेला आहे. लाहूनच्या कामगार-वसाहतीत आणि पुढे देर अल-मदिना व अमार्ना येथील घरांत स्त्रीमूर्ती सापडल्या. त्या बहुधा कोनाड्यात किंवा घरगुती पूजास्थानी ठेवल्या जात आणि कुटुंबातील एखाद्याच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत पुरल्या जात.

मूर्ती मुद्दाम तोडल्या जात होत्या का?

मातीच्या मूर्तींबाबत हे बऱ्याच अंशी मान्य झाले आहे. कर्नाक येथील मूत देवीच्या आवारात मिळालेल्या मूर्तींचा एलिझाबेथ वराक्सा यांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांतील भंग अपघाती वाटण्यापेक्षा एका विशिष्ट पद्धतीचे दिसले. लायडन येथील मंत्रतंत्राच्या एका पपायरसमध्ये, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरील हस्तलिखितात, पोटदुखीवरचा मंत्र मातीच्या स्त्रीमूर्तीवर म्हणावा, म्हणजे रुग्णाची व्यथा त्या मूर्तीत उतरेल, असे सांगितले आहे. व्यथा उतरलेली मूर्ती घरात ठेवून चालणार नाही, म्हणून ती मोडून टाकली जात असावी. वराक्सा यांच्या मते त्यामुळे सर्वच स्त्रीमूर्तींना प्रजननमूर्ती म्हणणे योग्य नाही, त्यांतील काही रोगनिवारणाच्या साधनांपैकी होत्या. हे मत विचारात घेण्याजोगे आहे, मात्र ते मातीच्या, झटपट बनवलेल्या मूर्तींना जितके लागू पडते तितके काळजीपूर्वक कोरलेल्या दगडी मूर्तींना पडत नाही. मेहनतीने कोरलेली वस्तू एका उपचारापुरती वापरून फेकून देण्याची शक्यता कमी आहे.

एकत्र सापडलेल्या साहित्यावरून काही कळते का?

होय, आणि त्यासाठी जेम्स क्विबेल यांनी १८९५-९६ च्या हंगामात थीब्ज येथे रामेसियमच्या, म्हणजे दुसऱ्या रामेसीसच्या देवळाच्या, कोठारांखाली उघडलेल्या थडग्याचे उदाहरण सर्वोत्तम आहे. हे थडगे मध्य राज्यकाळाच्या उत्तरार्धातील असून रामेसियम त्यावर कित्येक शतकांनी बांधले गेले. त्यात एका लाकडी पेटीत साहित्यकृती, वैद्यक आणि मंत्रतंत्र यांचे पपायरस होते. भोवती वेगवेगळ्या माध्यमांतील स्त्रीमूर्ती, पाणघोड्याच्या सुळ्यापासून केलेली जादूची पाती, धातूचा नाग, वाजवण्याच्या हस्तिदंती चिपळ्या आणि सिंहमुखवटा घातलेली, दोन्ही हातांत साप धरलेली लाकडी स्त्रीमूर्ती अशा वस्तू होत्या. यांतील बहुतेक साहित्य बाळंतीण आणि अर्भक यांच्या रक्षणाशी संबंधित असल्यामुळे हे सामान एखाद्या वैद्य-मांत्रिकाचे असावे असा अंदाज आहे. सुट्या मूर्तीकडे पाहून शंभर तर्क करता येतात, परंतु ती सुईणीच्या आणि मांत्रिकाच्या हत्यारांमध्ये सापडली की तर्कांची संख्या फार कमी होते. या साहित्यातील बऱ्याच वस्तू मँचेस्टर संग्रहालयात आहेत.

पुढील काळात मूर्तीचे रूप बदलले का?

बदलले. नव राज्यकाळात, म्हणजे साधारण इ.स.पू. १५५० ते १०७० या काळात, बिछान्यावर पहुडलेली स्त्री आणि तिच्या शेजारी तान्हे मूल असे शिल्प चुनखडीत व मातीत लोकप्रिय झाले. स्त्री सडपातळ असते, पाय पूर्ण असतात आणि कधी पलंगाशेजारी आरसा दाखवलेला असतो. येथे केवळ गर्भधारणेचा विचार नाही. बाळंतपण पार पडून आई व मूल दोघेही सुखरूप आहेत, असा अपेक्षित शेवटच दगडात कोरला आहे.

पुरुषरूपातील दगडी प्रजननमूर्ती होत्या का?

होत्या, आणि आकाराने त्या स्त्रीमूर्तींच्या कितीतरी पट मोठ्या होत्या. यांतील सर्वांत जुन्या मूर्ती मिन देवाच्या आहेत. १८९३-९४ मध्ये पेट्री यांना वरच्या इजिप्तमधील कोप्टोस, म्हणजे आजच्या किफ्त गावी, मिनच्या देवळाच्या खाली चुनखडीच्या तीन प्रचंड मूर्तींचे भाग सापडले. मुळात त्यांची उंची सुमारे ४ मीटर असावी. पहिल्या घराण्याच्या आधीच्या किंवा आरंभीच्या, म्हणजे इ.स.पू. ३२०० च्या आसपासच्या, या मूर्ती मानल्या जातात, आणि पिरॅमिड बांधले जाण्यापूर्वी कित्येक पिढ्या इजिप्शियन माणसे एवढा दगड कोरत होती हे त्यांच्यामुळे कळते. देव उभा असून त्याची एक मूठ लिंगाभोवती आहे. लिंग वेगळ्या तुकड्याचे करून बसवलेले होते आणि आज ते नाही, केवळ खोबण उरली आहे. कमरपट्ट्याच्या बाजूला शंख, हत्ती, बैल आणि मिनचे चिन्ह उथळ कोरले आहे. त्यांतील शंख लाल समुद्राकडील आहेत. कोप्टोस हे नाईलहून लाल समुद्राकडे जाणाऱ्या वाटेचे तोंड होते, त्यामुळे ते येथे असणे स्वाभाविक आहे. पेट्री यांनी या मूर्ती ब्रिटिश म्युझियमला देऊ केल्या होत्या, पण त्या नाकारल्या गेल्या. आज दोन मूर्ती ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आणि एक कैरोत आहे.

मिनला लेट्यूसची भाजी वाहत असत. तिचे देठ कापल्यावर दुधासारखा चीक निघतो, तो वीर्याचे प्रतीक मानला जाई. त्याचा उत्सव सुगीशी निगडित होता आणि मेदिनेत हाबू येथे तिसऱ्या रामेसीसच्या देवळाच्या भिंतींवर त्याची मिरवणूक कोरलेली आहे.

हापी हा नाईलच्या पुराचा देव मात्र वेगळ्या धाटणीचा आहे. तो पुरुष असून त्याचे पोट सुटलेले आणि स्तन ओघळलेले दाखवतात, कारण पुराबरोबर येणारी समृद्धी अंगावर दिसली पाहिजे. फ्रांक गोदियो यांच्या चमूने थोनिस-हेराक्लिओन येथे समुद्रतळातून काढलेली हापीची लाल ग्रॅनाइटची मूर्ती ५.४ मीटर उंच आणि सुमारे ६ टन वजनाची असून ती टॉलेमी राजांच्या काळातील आहे.

इजिप्तमधील सर्वांत जुन्या दगडी स्त्रीमूर्तींपैकी एखादी सांगता येईल का?

हिएराकोन्पोलिस येथील लाजवर्दी दगडाच्या मूर्तीचे नाव घ्यावे लागेल. तिचे धड क्विबेल यांच्या उत्खननात १८९८ मध्ये मिळाले आणि डोके १९०६ मध्ये दुसऱ्या मोहिमेत त्याच परिसरात सापडले. दोन्ही भाग जुळवून ती ॲशमोलियनमध्ये ठेवली आहे. दगड अफगाणिस्तानातील बदख्शानचा आहे, म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वी हा निळा खडा हजारो किलोमीटरचा प्रवास करून नाईलकाठी आला. एवढा महागडा दगड सामान्य नवसासाठी वापरला गेला नसणार. त्यामुळे तिला प्रजननमूर्तींच्या यादीत घालताना सावध राहिलेले बरे, आणि मूर्ती नग्न आहे एवढ्यावरून ती प्रजननाची ठरवण्याची सवय टाळलेली अधिक बरी.

लज्जागौरीशी किंवा इनामगावच्या मूर्तींशी यांचा काही संबंध आहे का?

प्रत्यक्ष संबंधाचा पुरावा नाही. हा प्रश्न महाराष्ट्रातून वारंवार विचारला जातो, आणि त्यामागचे कुतूहल रास्त आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे लज्जागौरीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. मस्तकाच्या जागी कमळ आणि पाय फाकवलेली बैठक हे त्या देवतेचे रूप आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीसोबत कच्च्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला, आणि त्यांतील एका स्त्रीमूर्तीला शीर नाही. शरीराचा एखादा भाग वगळून जननक्षम भागावर भर देण्याची युक्ती दोन्हीकडे दिसते खरी. परंतु इजिप्शियन मूर्तीला पाय नसतात आणि डोक्यावर भरघोस केस असतात, तर लज्जागौरीला डोके नसते आणि पाय हाच तिच्या मांडणीचा मुख्य भाग असतो. लज्जागौरी ही स्वतः पूजली जाणारी देवता आहे, इजिप्शियन मूर्ती बहुधा देवतेला वाहिलेली किंवा मृताला दिलेली वस्तू आहे. काळाचे अंतरही मोठे आहे. एकीवरून दुसरी आली असे सांगणारे लेख आढळले, तर त्यांत उत्खननाचा कोणता पुरावा दिला आहे ते आधी पाहावे.

मूर्तीखेरीज अपत्यप्राप्तीसाठी इजिप्शियन लोक आणखी काय करत?

लाहून येथे पेट्री यांना १८८९ मध्ये मिळालेला स्त्रीरोगविषयक पपायरस इ.स.पू. १८२५ च्या सुमाराचा आहे आणि त्यात गर्भधारणा, गर्भाशयाचे विकार व गर्भनिरोध यांवरचे उपाय आहेत. बर्लिनमधील एका वैद्यकीय पपायरसमध्ये स्त्रीने गहू आणि सातू यांवर रोज लघवी करावी, धान्य उगवले तर ती गर्भवती आहे असे समजावे, अशी चाचणी दिली आहे. १९६३ मध्ये कैरोत ही चाचणी प्रत्यक्ष करून पाहण्यात आली, तेव्हा गर्भवतींच्या लघवीने सुमारे ७० टक्के वेळा धान्य उगवले. सातू उगवला की मुलगा आणि गहू उगवला की मुलगी, अशा प्रकारचे लिंगनिदान मात्र खोटे ठरले. मूर्ती ठेवणारी स्त्री आणि हे उपाय करणारी स्त्री एकच असे. दोन्ही मार्गांत विरोध आहे असे त्या काळी कोणाला वाटत नव्हते.

या मूर्तींवरची श्रद्धा पुढे टिकली का?

धर्म बदलला, मूर्तींचे मूळ अर्थ विसरले गेले, तरी प्राचीन वस्तूत मूल देण्याची शक्ती असते ही समजूत टिकून राहिली. १९२० च्या दशकात वरच्या इजिप्तमधील खेड्यांत राहून काम करणाऱ्या विनिफ्रेड ब्लॅकमन यांनी नोंदवले आहे, की मूल नसलेल्या स्त्रिया त्यांच्याजवळच्या प्राचीन निळ्या ताईतांवरून आणि मूर्तींवरून ओलांडून जाण्यासाठी येत असत. आज कर्नाकमध्ये तिसऱ्या अमेनहोतेपच्या ग्रॅनाइटच्या भुंग्याभोवती पर्यटक फेऱ्या मारताना दिसतात आणि मार्गदर्शक त्यांना अपत्यप्राप्तीचे फळ सांगतात. या फेऱ्यांना प्राचीन आधार मात्र काहीही नाही.

अशी मूर्ती विकत घेता येते का, आणि ती खरी आहे हे कसे ओळखावे?

इजिप्तमध्ये १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद झाला असून देशात सापडणारी प्रत्येक पुरावस्तू राज्याच्या मालकीची आहे. त्यामुळे लक्झॉरच्या बाजारात ‘खरी’ म्हणून दाखवली जाणारी मूर्ती एकतर कालपरवा घडवलेली असते किंवा चोरीची असते, आणि ती देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. चुनखडीची नक्कल करणे विशेष सोपे आहे, कारण तोच दगड, त्याच कड्यांतून, तशाच साध्या हत्यारांनी आजही कोरता येतो आणि चहाच्या पाण्यात किंवा मातीत पुरून ठेवून जुना दिसतो. अंगावरचे ठिपके फार नीटनेटके असणे, दागिन्यांत दोन वेगळ्या काळांच्या तऱ्हा मिसळणे आणि पायांच्या टोकांना मुद्दाम ओबडधोबड भंग दाखवणे ही बनावटीची नेहमीची लक्षणे आहेत, तरी केवळ डोळ्यांनी पाहून खात्री देता येत नाही.

परदेशातील लिलावांत येणाऱ्या मूर्तींबाबत पहिला प्रश्न सत्यतेचा नसून ती इजिप्तबाहेर केव्हा आणि कोणाच्या हातून गेली, हा असावा. १९८३ पूर्वी परवान्याने बाहेर गेल्याची कागदपत्रे नसतील तर तो व्यवहार टाळावा. ज्यांना मूर्ती नीट पाहायच्या आहेत त्यांच्यासाठी लंडनमधील पेट्री संग्रहालय, मँचेस्टर, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन, लूव्र आणि बर्लिन यांचे संग्रह संगणकावर छायाचित्रांसह उपलब्ध आहेत. त्यांत शोध घेताना सापडलेल्या ठिकाणाचा रकाना आधी वाचावा, आणि तो रिकामा असेल तर खाली दिलेले ‘प्रजननमूर्ती’ हे नाव अभ्यासकाने केवळ रूपावरून दिले आहे असे समजावे.